एकवीस वळणांचा घाट

फ्रान्सला जाऊन आयफेल टॉवर न पाहता परत आलेला प्राध्यापक आमच्या कॉलेजात मी एकटाच असेन. स्टाफरूममध्ये ही बातमी फुटली तेव्हा इतिहासाच्या प्राध्यापकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर ते एरवी कॉपी करताना सापडलेल्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतात.

"मग पाहिलंत तरी काय?" त्यांनी विचारले.

"एक घाट पाहिला."

"घाट? अहो, घाट पाहायला फ्रान्सला कशाला जायला हवं? आपला खंडाळा काय वाईट आहे?"

खंडाळा मुळीच वाईट नाही. किंबहुना खंडाळ्यापायीच मला तो परका घाट पाहावा लागला. त्याचे असे झाले.

माझा थोरला भाऊ अण्णा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आमचे घर तळेगावचे. कॉलेजात असताना अण्णा पहाटे सायकलवरून दुधाचा रतीब घाली आणि रविवारी तीच सायकल घेऊन खोपोलीपर्यंत उतरे, ती केवळ बोरघाट पुन्हा चढून येण्यासाठी. अंगावर मांस म्हणून नव्हते. वजन पुरते पन्नास किलोही नसेल. आमची आई म्हणे, "ह्याला वारा लागला तर हा उडेल." तिचे बोलणे पुढे वेगळ्याच अर्थाने खरे ठरले.

मुंबईहून पुण्याला येणाऱ्या सायकलशर्यतीत बोरघाट जो सर्वांत आधी चढतो त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. मी चौथीत असताना अण्णा एका मित्राची शर्यतीची सायकल मागून आणून त्यात उतरला. नाना, म्हणजे आमचे वडील, ह्या प्रकाराच्या पूर्ण विरुद्ध होते. तरी त्या सकाळी मला घेऊन ते घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी येऊन उभे राहिले. खालच्या वळणावर प्रथम दिसला तो अण्णाच. एकटा. तो आमच्यासमोरून वर गेला, दिसेनासा झाला, आणि तरीही खालच्या वळणावर दुसरे कोणी आलेले नव्हते. नानांनी खिशातून एक रुपया काढून देवापुढे ठेवला. नानांच्या हातून एवढी मोठी रक्कम देवालाही सहसा मिळत नसे.

पण शर्यत खंडाळ्याला संपत नव्हती. लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर राहिले होते, रस्ता बहुतेक सपाट, आणि समोरून वारा. मागून आठ-नऊ धिप्पाड गडी आळीपाळीने पुढे होत, एकमेकांच्या आडोशाने येत होते. कार्ल्याच्या फाट्यापुढे त्यांनी अण्णाला गाठले आणि कामशेतला मागे टाकले. पुण्याला तो अकरावा आला. त्या दिवशी घाटातला कप घेऊन तो घरी आला तेव्हा नाना एवढेच म्हणाले, "घाट चढलास, पण गाव गाठलं नाहीस."

तो कप अजून अण्णाच्या शोकेसमध्ये आहे. त्यात सुया, रबरबँड आणि एक बंद पडलेले घड्याळ असते. पण नानांचे ते वाक्य काही शोकेसमध्ये जाऊन बसले नाही. गेली चाळीस वर्षे, दिवाळीला आम्ही जमलो आणि जेवणे झाली की अण्णा सुपारी कातरता कातरता केव्हा तरी विचारणारच, "काय रे, घाटात मी जरा दमानं घ्यायला हवं होतं का? त्यांच्याच बरोबर राहायला हवं होतं का?" ह्यावर आम्ही काय उत्तर देणार? मी मराठीचा प्राध्यापक. सायकल मला चालवता येते, एवढेच.

अण्णाचा मुलगा अमेय नोकरीसाठी फ्रान्समध्ये ग्रेनोब्ल गावी गेला आणि त्याने आम्हां सगळ्यांना बोलावले. अण्णाच्या गुडघ्यांनी आता संप पुकारलेला आहे. तो म्हणाला, "मी काही विमानात अवघडून बसत नाही. तुम्ही दोघं जा. पण एक काम कर. तिथे ती मोठी शर्यत जाते. तिथले घाट खरे. तिथे तरी घाटाचा गडी शेवटपर्यंत जिंकतो का, ते नीट बघून मला सांग." आणि अशा रीतीने, पॅरिसकडे पाठ फिरवून, मी आणि आमची सौ. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये ल्योंच्या विमानतळावर उतरलो ते थेट ग्रेनोब्लला जाऊन पोहोचलो.

ग्रेनोब्ल हे गाव म्हणजे मोठी मौज आहे. आल्प्स पर्वताच्या कुशीत आहे म्हणून आम्ही स्वेटरांबरोबर चढउतारांचीही तयारी करून गेलो, तर गाव परातीसारखे सपाट! डोंगर आहेत ते चहूबाजूंनी, परातीच्या काठासारखे. गावात सायकली इतक्या की पेन्शनीत निघालेल्या पुणेकराला डोळ्यांत पाणी यावे. पण अण्णाच्या प्रश्नाला पहिले उत्तर मिळाले ते ह्या सपाट गावातच, आणि ते काही सुखाचे नव्हते.

ज्यांना ह्या शर्यतीची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. 'तूर द फ्रान्स' १९०३ साली सुरू झाली. ती तीन आठवडे चालते. रोज एक असे एकवीस टप्पे, आणि एकूण अंतर सव्वातीन-साडेतीन हजार किलोमीटर. सगळ्या टप्प्यांचा वेळ मिळवायचा आणि ज्याचा एकूण वेळ सर्वांत कमी तो विजेता. आघाडीवर असेल त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. डोंगर चढण्यात जो श्रेष्ठ त्याचे निराळे बक्षीस असते, त्याला १९७५ पासून लाल ठिपक्यांची जर्सी देतात. म्हणजे घाटाचा राजा तिथेही आहे, आणि तिथेही तो बहुधा निराळाच असतो. आणखी एक प्रकार असतो, त्याला फ्रेंच लोक 'घड्याळाविरुद्धची शर्यत' म्हणतात. एकेकाला एकट्यानेच सोडायचे. कुणाचा आडोसा नाही, कुणाची सोबत नाही. माणूस, वारा आणि घड्याळ.

२०११ साली लक्झेंबर्गचा अँडी श्लेक हा उंच, काटकुळा, डोंगरात वाऱ्यासारखा जाणारा तरुण शर्यत जिंकणार असे सगळ्यांना वाटत होते. गालिबियेच्या खिंडीवर संपणाऱ्या टप्प्यात त्याने साठ किलोमीटर आधीच सगळ्यांना सोडून दिले आणि एकट्याने टप्पा मारला. दुसऱ्या दिवशी पिवळी जर्सी त्याच्या अंगावर आली. ऑस्ट्रेलियाचा केडेल इव्हान्स ५७ सेकंद मागे होता. पॅरिसचा टप्पा औपचारिक, म्हणजे खरी शर्यत एका दिवसाची राहिली. आणि तो दिवस होता घड्याळाचा: ग्रेनोब्ल ते ग्रेनोब्ल, साडेबेचाळीस किलोमीटर. त्यात इव्हान्सने श्लेकपेक्षा २ मिनिटे ३१ सेकंद कमी घेतली. दोन महापर्वतांवर घाम गाळून जमवलेले सगळे तासाभरात गेले, आणि वर दीड मिनिटाचे कर्ज झाले.

"म्हणजे भाऊजींसारखंच," आमची सौ. म्हणाली. ती त्या वेळी अमेयच्या गॅलरीत मेथी निवडत होती. ग्रेनोब्लला मेथी मिळते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने बूर द्वाझाँ ह्या गावी गेलो. रोमांश नदीच्या खोऱ्यातून पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. दोन्ही बाजूंचे कडे जवळ येत येत मध्येच दूर होतात आणि एक हिरवे मैदान लागते. त्या मैदानात हे छोटेसे गाव. आपल्याकडे तीर्थाच्या गावी जशी नारळ-हळदकुंकवाची दुकाने तशी इथे सायकलींची. गावाबाहेर पूल ओलांडला की रस्ता एकदम डोंगराच्या अंगावर जातो. हाच तो आल्प द्युएझचा घाट. लांबी १३.८ किलोमीटर, चढ सरासरी शंभराला आठ, एकवीस वळणे, आणि प्रत्येक वळणावर क्रमांकाची पाटी. गंमत अशी की आकडे उलटे: खालचे वळण एकविसावे आणि वरचे पहिले. दमलेल्या माणसाला किती उरले तेवढेच कळावे, ही त्यामागची दया असावी. पाट्यांवर इथे जिंकलेल्या स्वारांची नावे लिहिली आहेत. एकविसाव्या वळणावर पहिले नाव इटलीच्या फाउस्तो कोप्पीचे, साल १९५२.

ते नाव पाहिले आणि मी तिथेच थांबलो. (थांबायला दुसरेही कारण होते. सुरुवातीचाच चढ सर्वांत उभा आहे.) शर्यतीचा टप्पा डोंगरमाथ्यावर संपवण्याची प्रथा त्याच वर्षी सुरू झाली, आणि ती ह्या घाटात. आता घाटाचे गडी राज्य करणार असे वाटावे. पण जिंकला कोण, तर कोप्पी. हा सपाटीवर एका तासात सर्वाधिक अंतर तोडण्याचा जागतिक विक्रम दहा वर्षे आधी करून बसलेला अष्टपैलू स्वार! त्याने मागे टाकला तो झाँ रोबिक. हा ब्रिटनी प्रांतातला बुटका गडी, चढण्यात वाकबगार, १९४७ ची शर्यत त्याने जिंकलेलीही होती. ह्या रोबिकची एक गोष्ट सांगतात. तो इतका हलका की उतारावर त्याची सायकल पुरेशी पळेना, म्हणून माथ्यावर पोहोचताच त्याच्या हातात पाण्याऐवजी शिसे भरलेली बाटली देत! अण्णाला ही युक्ती सुचली असती तर आईच्या वरवंट्याची धडगत नव्हती.

सोळाव्या वळणापर्यंत आम्ही पायी गेलो. सौ. पुढे, मी मागे. तिथल्या कठड्यावर एक वृद्ध डच गृहस्थ सायकल टेकवून बसले होते. निवृत्त शिक्षक निघाले, म्हणजे आमच्याच ज्ञातीचे. त्यांना इंग्रजी उत्तम येत होते. ते म्हणाले, इथे पहिल्या चौदा वेळी टप्पा संपला त्यांत आठ वेळा आमचे डच लोक जिंकले. ह्यामुळेच वरच्या सातव्या वळणाला डचांचे वळण म्हणतात, आणि शर्यतीच्या दिवशी तिथे नारिंगी कपड्यांचा समुद्र लोटतो.

मी चकित झालो. "पण तुमच्या देशात तर डोंगरच नाहीत!"

"डोंगर नाहीत," ते म्हणाले, "पण वारा आहे. आमची पोरं वाऱ्यात वाढतात."

आणि मग त्यांनी मला २०१५ ची हकिकत सांगितली. ती मी इथे जरा विस्ताराने देतो, कारण अण्णाच्या प्रश्नाचे मर्म तिच्यात आहे.

त्या वर्षी शर्यत आखणाऱ्यांनी घाटाच्या गड्यांवर जणू मेहेरनजर केली होती. घड्याळाविरुद्धची एकट्याची शर्यत फक्त १३.८ किलोमीटरची ठेवली होती, नेमकी ह्या घाटाच्या लांबीएवढी. पूर्वी हाच आकडा किती तरी मोठा असे. १९९२ साली एकट्या लक्झेंबर्गच्या टप्प्यातच पासष्ट किलोमीटर होते आणि स्पेनच्या मिगेल इंदुराईनने त्यात दुसऱ्याला तीन मिनिटांनी मागे टाकले होते. हा इंदुराईन सहा फूट दोन इंच उंच, वजन ऐंशी किलोच्या घरात. सलग पाच वर्षे त्याने शर्यत जिंकली, आणि त्या पाच वर्षांत त्याने जिंकलेला एकूण एक टप्पा घड्याळाविरुद्धचा होता! डोंगरात तो कुणाला सोडून जात नसे. फक्त कुणाला फार दूर जाऊ देत नसे. तेव्हा २०१५ मध्ये कोलंबियाच्या नायरो किंतानासारख्या लहानखुऱ्या डोंगरी पोराला ह्याहून सोयीची शर्यत कुठून मिळणार?

पण ती शर्यत सुरू झाली हॉलंडमध्ये. दुसरा टप्पा उत्रेख्तहून समुद्रकाठच्या झीलंड प्रांताकडे जात होता. समुद्रसपाटीचा रस्ता, पाऊस, आणि बाजूने वारा. वारा बाजूचा असला की स्वारांची ओळ रस्त्यावर तिरपी होते, आणि रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढ्यांनाच आडोसा मिळतो. बाकीचे उघड्यावर पडतात आणि तुटतात. किंताना तुटला. इंग्लंडचा ख्रिस फ्रूम पुढच्या टोळीत होता. त्या एका दिवसात किंतानाचा तोटा झाला १ मिनिट २८ सेकंदांचा. पुढे जवळजवळ तीन आठवड्यांनी, शेवटून दुसऱ्या दिवशी, ह्याच एकवीस वळणांवर त्याने जिवाच्या आकांताने हल्ला केला. टप्पा फ्रान्सच्या तिबो पिनोने मारला, किंताना त्याच्या मागोमाग दुसरा आला आणि फ्रूमला त्याने १ मिनिट २० सेकंदांनी मागे टाकले. दुसऱ्या क्रमांकाची सहा सेकंदांची सूट वेगळी. तरी शर्यत फ्रूमनेच जिंकली. एकूण अंतर होते १ मिनिट १२ सेकंद.

मी कठड्यावर बसून बेरीज-वजाबाकी पुन्हा पुन्हा केली. आल्प्सच्या शिखरांवरचा राजा जिथे हरला ती जागा हॉलंडमध्ये होती, समुद्राच्या पातळीवर! माझ्या डोळ्यांसमोर कार्ल्याचा फाटा उभा राहिला.

असे का होते, हे अमेयने रात्री जेवताना समजावून सांगितले. तो शास्त्राचा माणूस. त्याचे म्हणणे असे: चढावर सायकलीचा वेग कमी असतो, म्हणून हवेचा अडथळा थोडा, आणि बहुतेक सगळी ताकद स्वतःचे वजन वर उचलण्यात जाते. तिथे हिशेब किलोमागे ताकद किती, हा. इथे हलका माणूस राजा. सपाटीवर वजन उचलायचेच नसते. तिथे शत्रू हवा. वेग दुप्पट केला तर हवेचा अडथळा चौपट होतो आणि लागणारी ताकद आठपट. मोठ्या माणसाची छाती वाऱ्याला थोडी जास्त आडवी येते खरी, पण त्याचे 'इंजिन' त्याहून जास्त मोठे असते. म्हणून तिथे किलोचा हिशेब कोणी विचारत नाही, एकूण ताकद विचारतात. शिवाय दुसऱ्याच्या मागे राहिले की सपाटीवर सुमारे एक तृतीयांश ताकद वाचते. चढावर हा आडोसा फारसा उपयोगी पडत नाही.

"काकू, तिसऱ्या मजल्यावर पोतं चढवायचं असेल तर बारीक माणसाला स्वतःचं ओझं कमी. पण वादळात छत्री धरून चालायचं असेल तर?"

"तर तुझे काका नकोत," सौ. म्हणाली. घरच्या गोष्टींना विज्ञानाचा आधार मिळाला की त्या फार झोंबतात.

मी विचारले, "पण मग घाटावर जास्तीचा वेळ का मिळत नाही? तिथे तर सपाटीहून सावकाश जातात, म्हणजे वेळ जास्त लागतो."

ह्यावर अमेयने १९९७ चा दाखला दिला. इटलीचा मार्को पांतानी, वजन सत्तावन्न किलो, ह्या घाटाचा त्या काळातला बादशहा. त्या वर्षी त्याने ही एकवीस वळणे साडेसदतीस मिनिटांच्या आसपास चढून काढली. टप्पा त्याचाच. पण जर्मनीचा दणकट यान उल्रिख त्याच्या मागे किती होता? ४७ सेकंद. आणि आदल्याच दिवशी पंचावन्न किलोमीटरच्या घड्याळाच्या शर्यतीत पांतानीने उल्रिखला किती दिले होते? साडेतीन मिनिटांहून अधिक! अष्टपैलू स्वार घाटात हरतो तो थोडक्यात हरतो, कारण तोही चांगला चढणारा असतो. घाटाचा गडी सपाटीवर हरतो तो पोटभर हरतो. शर्यत उल्रिखने जिंकली.

पण पुढच्या वर्षी, १९९८ मध्ये, ती पांतानीने जिंकली. तिथे काय झाले ते पाहायला अमेय आम्हांला रविवारी मोटारीने गालिबियेला घेऊन गेला.

आल्प द्युएझबद्दल खरे सांगायचे तर, वरपर्यंत आम्ही नंतर बसने गेलो आणि निराश झालो. वळणे संपली की हॉटेलांची आणि बर्फावर घसरण्याच्या यंत्रांची वस्ती लागते. देऊळ सापडावे म्हणून पायऱ्या चढाव्यात आणि वर एस.टी. स्टँड निघावा, तसे झाले. गालिबिये निराळा. लोतारेच्या खिंडीपासून रस्ता उघड्या, ओसाड डोंगरावर निघतो. झाड नाही, घर नाही. जूनमध्येही रस्त्याच्या कडेला माणसाच्या उंचीचे बर्फ. खिंडीची उंची २,६४२ मीटर, म्हणजे आपले कळसूबाई तिच्यापुढे हजार मीटरनी ठेंगणे. शर्यत इथे प्रथम आली १९११ साली. तेव्हा रस्ता कच्चा आणि सायकली लोखंडी. खिंडीच्या अलीकडे शर्यतीचा जनक आंरी देग्रांज ह्याचे स्मारक आहे. ते पाहून आम्ही पलीकडच्या अंगाला काही किलोमीटर उतरलो. तिथे, कुरणाच्या कडेला, पांतानीचे स्मारक आहे.

२७ जुलै १९९८ ला ह्या जागी पाऊस पडत होता आणि थंडी मरणाची होती. पिवळी जर्सी उल्रिखच्या अंगावर होती, पांतानी तीन मिनिटे मागे. मुक्कामाला अजून पन्नासेक किलोमीटर होते. एवढ्या लांबून एकट्याने निघणे हा शुद्ध वेडेपणा. पांतानी निघाला. त्या संध्याकाळी उल्रिख मुक्कामी आला तो जवळजवळ नऊ मिनिटे उशिरा, थंडीने गारठून, डोळे सुजलेले. शेवटच्या घड्याळाच्या शर्यतीत उल्रिखने अडीच मिनिटे परत मिळवली, पण ती पुरली नाहीत.

इथे हात जोडून निघावे असे मलाही वाटले. पण पुरते सांगितले पाहिजे. ती सगळी शर्यतच औषधांच्या भानगडींनी बरबटलेली होती. पुढच्याच वर्षी इटलीच्या शर्यतीतून रक्ततपासणीनंतर पांतानीला आघाडीवर असताना काढून टाकले, २००४ मध्ये रिमिनीच्या एका हॉटेलात तो एकटा मेला, आणि २०१३ साली फ्रान्सच्या सिनेटने जुन्या नमुन्यांच्या तपासण्या जाहीर केल्या त्यात १९९८ च्या दोघांचीही, पांतानीची आणि उल्रिखची, नावे होती. त्या स्मारकाशी कुणी तरी ताजी फुले ठेवली होती. मी फुलांकडे पाहिले, डोंगराकडे पाहिले. अण्णाला ह्यातले किती सांगावे हे मला ठरवता येईना.

परतताना मोटारीत मी माझ्या परीने झडती घेतली. घाटाचे गडी म्हणून नावाजलेले आणि तरी शर्यत जिंकलेले असे किती? लक्झेंबर्गचा शार्ली गोल, १९५८. पण त्याने त्या वर्षी घड्याळाच्या शर्यतीत खुद्द झाक आंकतीलला, घड्याळाच्या शर्यतीच्या सम्राटाला, हरवले होते. मग तो नुसता घाटाचा कसा? स्पेनचा फेदेरिको बाहामोन्तेस, 'तोलेदोचा गरुड', १९५९. ह्याला उताराची अशी धास्ती की एकदा पहिल्याने माथ्यावर पोहोचून आइसक्रीम खात बसला, मागचे येईपर्यंत! तो जिंकला खरा, पण फ्रेंच स्वार त्या वर्षी आपसांत भांडत होते. आंकतील आणि त्याच्या सोबत्याला आपल्याच देशाच्या आंग्लादपेक्षा परका बाहामोन्तेस जिंकलेला परवडत होता. भाऊबंदकी काही एकट्या महाराष्ट्राची मिरास नाही. पुढे १९६३ मध्ये ह्याच बाहामोन्तेसला आंकतीलने कसे हरवले तेही ऐकण्यासारखे आहे. सायकल मोडल्याशिवाय बदलायची नाही असा नियम होता. शामोनीच्या टप्प्यात शेवटचा मोठा चढ आला तेव्हा आंकतीलची तार 'तुटली', म्हणजे त्याच्या व्यवस्थापकाने ती हळूच कापली, आणि त्याला हलकी सायकल मिळाली. चढ संपल्यावर पुन्हा आपली नेहमीची. बाहामोन्तेसला तो माथ्यापर्यंत सोडीना, आणि टप्पाही त्यानेच मारला. अष्टपैलू माणसाला घाटापुरता घाटाचा गडी होता येते. उलटे होणे अवघड.

बेल्जियमचा ल्युसियाँ व्हान इम्प, १९७६. सहा वेळा डोंगरांचा राजा, पण पिवळ्या जर्सीची हाव नाही. त्या वर्षी एडी मर्क्स शर्यतीत नव्हता. पिरेनीजमध्ये हल्ला करायची वेळ आली तरी व्हान इम्प निघेना, तेव्हा त्याच्या व्यवस्थापकाने, गिमारने, "आता गेला नाहीस तर मोटार अंगावर घालीन" असा निरोप पाठवला म्हणतात. तो गेला. ४ मिनिटे १४ सेकंदांनी शर्यत जिंकला. एवढ्या वर्षांच्या शर्यतीत अशी नावे मोजायला एका हाताची बोटे पुरतात, आणि प्रत्येकाच्या मागे काही तरी निमित्त: पाऊस, भांडण, कुणाची तरी गैरहजेरी, नाहीतर बाटलीतले काही.

अमेय म्हणाला, "काका, आता हा भेदच पुसत चाललाय. तो डेन्मार्कचा विंगेगोर बघा. साठ किलोचा, आधी मासळीच्या कारखान्यात कामाला होता. २०२३ मध्ये बावीस किलोमीटरच्या घड्याळाच्या शर्यतीत त्याने पोगाचारला एक मिनिट अडतीस सेकंदांनी हरवलं." आणि हा स्लोव्हेनियाचा पोगाचार तरी कोण? चार वेळा शर्यत जिंकलेला, डोंगरात पहिला, आणि बेल्जियमच्या दगडी रस्त्यांवरच्या एक दिवसाच्या शर्यतींतही पहिला. हे हलके लोक वाऱ्याच्या बोगद्यात बसून, पाठ वाकवून, दुसरी विद्या शिकून आलेले आहेत. म्हणजे जिंकतात ते घाटाचे गडी नव्हेतच. घाट ज्यांना उत्तम येतो असे अष्टपैलू आहेत.

माझे मत आता पक्के झाले होते. ते अण्णाला सांगायचे मात्र जिवावर आले होते.

रात्री फोन लावला. तळेगावला पहाट व्हायची होती, पण अण्णा दुधवाल्याच्या वेळेला उठतो ती सवय गेलेली नाही. मी त्याला सगळे सांगितले. गोल, बाहामोन्तेस, ग्रेनोब्लची घड्याळाची शर्यत. पांतानीचेही सांगितले, न लपवता. शेवटी किंतानाची हकिकत सांगितली. तो मध्ये एक शब्द बोलला नाही.

मग म्हणाला, "त्या हॉलंडात वारा कुठून होता? समोरून का बाजूनं?"

"बाजूनं."

"बाजूचा फार वाईट. माझ्या वेळी समोरून होता." जरा थांबून त्याने विचारले, "आणि शेवटच्या घाटात पोरानं किती काढले म्हणालास?"

"एक मिनिट वीस सेकंद."

"आणि तरी एक-बारा कमी. म्हणजे आणखी असाच एक घाट पाहिजे होता."

"तुला दमानं घेऊन चाललं नसतं, अण्णा," मी म्हटले. "त्यांच्याबरोबर राहिला असतास तर लोणावळ्याच्या पुढे त्यांनी तुला टाकलंच असतं. घाटही गेला असता. अकरावा आलास तो विसावा आला असतास."

"नववा," अण्णा म्हणाला.

"काय?"

"नववा आलो होतो मी. अकरावा पेपरात छापलं होतं. नानांनी पेपरात वाचलं."

चाळीस वर्षे आमच्या घरात अकरावा हा आकडा चालत होता. मी म्हटले, "अरे, मग नानांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? घाटात मी पहिला होतो ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं."

मग त्याने फोन सौ.कडे द्यायला सांगितला आणि ग्रेनोब्लला मेथीची जुडी काय भावाने मिळते ते विचारले.